पोरांची दोस्ती पडद्यावर: वाचकांचे प्रश्न

वयात येणाऱ्या मुलांवरच्या सिनेमाविषयी गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं शॉर्ट फिल्म करायला निघालेल्यांची आहेत, काही शिक्षकांची. पटकथा, छायाचित्रण, ध्वनी आणि संकलन करणाऱ्या मंडळींनी मिळून ही उत्तरं दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: वीस मिनिटांच्या फिल्मची पटकथा सोबत पाठवत आहे. सातवीतले दोन मित्र. दसऱ्यानंतर एकाचे आईवडील ऊसतोडीला निघतात आणि त्यालाही नेतात. वाचणारे म्हणतात, संवाद छान आहेत, पण दोस्ती जाणवत नाही. काय कमी पडतंय? (एक वाचक, केज)

संवाद कमी पडत नाहीत, जास्त झालेत. तुमची पोरं जागोजागी एकमेकांना आपली दोस्ती सांगतात. बारा-तेरा वर्षांची पोरं असं बोलत नसतात. त्या वयात मुलगे समोरासमोर बसून मन मोकळं करत नाहीत. पारावर, बांधावर, पुलाच्या कठड्यावर शेजारी-शेजारी बसतात, दोघांची तोंडं एकाच दिशेला. बोलणं चालतं ते हातातल्या कामाचं. म्हणून पहिली दुरुस्ती अशी, की दोघांना मिळून एक काम द्या. ते एकट्याला सहज उरकता येऊ नये आणि सिनेमात ते तीन वेळा यावं.

तुमच्या पटकथेत सायकल आहेच. ती थोरल्या माणसाची, उंच, स्टँड तुटलेली आणि सारखी चेन पडणारी करा. एकानं कॅरिअर धरून मागचं चाक उचलायचं, दुसऱ्यानं चेन पुढच्या चक्राच्या दातांत अडकवून पायडल फिरवायचं. मग काळे झालेले हात दुसऱ्याच्या चड्डीला पुसायचे. एवढ्यात चाळीस सेकंद जातात आणि 'दोस्त' हा शब्द एकदाही लागत नाही. दुसऱ्यांदा चेन पडते तेव्हा दोघांचं भांडण झालेलं असतं, तरी काम करावंच लागतं. तिसऱ्यांदा एकटाच असलेला पोरगा सायकल सीट आणि हँडलवर उलटी करतो आणि चेन बसवतो. एकट्यानं करायची युक्ती त्याला सापडली, हेच प्रेक्षकाला लागतं.

अब्बास किआरोस्तामी यांचा १९८७ चा 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम?' हा इराणी सिनेमा या दृष्टीनं बघा. वर्गमित्राची वही चुकून एका पोराच्या दप्तरात येते. वहीत गृहपाठ झाला नाही तर मास्तर मित्राला शाळेतून काढणार असतात, म्हणून तो शेजारच्या गावात त्याचं घर शोधत पळतो. मित्र बहुतेक सिनेमाभर पडद्यावर नाहीच, तरी सगळा सिनेमा दोस्तीचा आहे, कारण पोराच्या हातात वही आहे आणि अंधार पडत चाललाय.

आता ऊसतोडीकडं. निरोपाच्या प्रसंगाला तुम्ही चार पानं दिलीत. तो एका पानात बसवा. गाडी मुकादमाच्या, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्याच्या सोयीनं निघते, पोरांच्या नाही. भांडी, ज्वारीचं पोतं, ताडपत्री, कोंबड्या, एखादी शेळी हे सगळं भरण्याच्या गडबडीत पोरांना बोलायला सवड कुठली? गळाभेट घातलीत की प्रसंग खोटा झाला. खरा मजकूर आहे तो परतीत, आणि तुमच्या पटकथेत परत येणंच नाही! हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. परत आलेला पोरगा वाढलेला असतो. वाढं (उसाचे हिरवे शेंडे) बांधून, मोळ्या उचलून त्याच्या हाताला घट्टे पडलेले असतात. सांगली-कोल्हापूरकडचं बोलणं जिभेवर बसलेलं असतं आणि त्याला हसतात. वार्षिक परीक्षा तोंडावर असते. आणि इकडं सायकलच्या कॅरिअरवर तिसराच कुणीतरी बसायला लागलेला असतो. वीस पानांची वाटणी साधारण अशी करा: आधीची ७, निघण्याचं १, मधल्या महिन्यांची ४, परतीनंतरची ८.

एक पर्याय सुचवतो. आईवडील तोडीला गेले तरी मुलांना गावातच ठेवून शाळा चालू राहावी म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असते. तुमचा पोरगा असा गावात राहिला आणि मित्राची आई रोज संध्याकाळी मित्राला जेवायला हाक मारते ती या पोराला ऐकू येते, अशी मांडणी केली तर दोघांपैकी कुणीही कुठं न जाता अंतर पडतं. आम्हाला हीच जास्त आवडेल.

प्रश्न: दोन मित्र घ्यावेत की चौघांची टोळी? (महाविद्यालयीन विद्यार्थी, सेलू)

लांबीवर ठरवा. वीस मिनिटांत दोन, फार तर तीन. चौघांना दीड तास लागतो.

तपासायची सोपी रीत म्हणजे जोड्या मोजणं. तिघांत तीन जोड्या होतात, चौघांत सहा. कागदावर सहाही जोड्या लिहा आणि प्रत्येकीसमोर त्या दोघांचाच असा एक क्षण लिहा. ज्याच्या नावासमोरच्या जागा रिकाम्या राहतात तो पोरगा गर्दीला घेतलेला आहे, त्याला काढा. रॉब रायनर यांच्या 'स्टँड बाय मी' (१९८६) मध्ये चार पोरं बेपत्ता मुलाचं प्रेत शोधायला रेल्वे रुळावरून पायी निघतात. चौघांची टोळी असूनही त्यातले मनात राहणारे प्रसंग दोघा-दोघांचे आहेत.

तिघांचं गणित सगळ्यात जिवंत असतं, कारण कुणीतरी एक नेहमी बाहेर पडतो. मात्र बाहेर पडणारा बदलत ठेवा. एकच पोरगा शेवटपर्यंत बाहेर राहिला तर ती दोस्तीची गोष्ट राहत नाही, छळाची होते. तीही करता येते, पण मग तसं ठरवून करा.

आणि एक जाड्या, एक चष्मिस, एक टवाळ, एक हुशार ही वाटणी टाळा. त्याऐवजी प्रत्येकाच्या घरातली एक भीती ठरवा. बाप पिऊन येतो, बहिणीचं लग्न ठरतंय, बोअर आटलंय, थोरला भाऊ दहावी नापास झालाय. पोरं घरातलं बाहेर बोलत नाहीत, पण त्या दिवशी खेळताना हात जोरात पडतो.

प्रश्न: माझ्या कथेतल्या दोन मित्रांच्या जाती वेगळ्या आहेत. लिहायला बसलो की भाषण होतं. (शिक्षक, उदगीर)

पोरांच्या तोंडी जात घालू नका, घराच्या नकाशात घाला. जुन्या वाड्याचा कागदावर आराखडा काढा: दरवाजा, ढाळज (दरवाज्यालगतची बसायची जागा), ओसरी, माजघर, चूल. मित्र कितपत आत येतो हे प्रत्येक प्रसंगाला ठरवा. पहिल्यांदा दरवाज्यातून हाक मारतो. दुसऱ्यांदा ढाळजेत बसतो. तिसऱ्यांदा ओसरीवर अभ्यास करतो. चौथ्यांदा पाणी पाहिजे म्हणून सहज उठतो, माजघराच्या उंबऱ्याशी जातो आणि आजी 'बस तिथंच, मी आणते' म्हणते. आवाजात राग नको, माया असू द्या. लागतं ते त्यामुळंच. आजी पाणी कोणत्या भांड्यात आणते, यावर कॅमेरा रेंगाळवू नका. पोरांना ते दिसलं की प्रेक्षकाला दिसतंच.

यजमान पोराला आजवर हे कधी दिसलं नव्हतं; पाहुण्या पोराला मात्र आधीपासून ठाऊक होतं. दोघांच्या वयात येण्यातला फरक एवढाच, आणि पटकथेचा कणाही तोच. शाळेत पोषण आहाराची खिचडी एका ओळीत बसून खाणारी पोरं घरी वेगळी होतात, ही जोड सलग दोन प्रसंगांत ठेवली की पुरे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' मध्येही जब्या आणि पिऱ्या गलोल घेऊन काळ्या चिमणीमागं हिंडतात, आणि जातीचं वास्तव त्या हिंडण्याच्या चहूबाजूंनी येत राहतं.

प्रश्न: मुलं कशी निवडावीत? स्नेहसंमेलनात चांगलं काम करणारी मुलं कॅमेऱ्यासमोर खोटी वाटतात. (नाट्यशास्त्राचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

वाटणारच. स्टेजवर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची त्यांना सवय लागलेली असते. ती मोडायला जेवढे दिवस जातात तेवढ्यात नवखा पोरगा तयार होतो.

मुख्याध्यापक आणि पालक यांची लेखी संमती घेऊन जिल्हा परिषदेच्या चार-पाच शाळांत जा. मुलांकडून संवाद म्हणवून घेऊ नका. दोघा-दोघांना एकेक काम द्या: पतंगाला सुतडा बांधा, फाटलेला टेनिस बॉल शिवा, कपाट सरकवा. दहा मिनिटं बघत बसा. कोण हुकूम सोडतो, कोण ऐकून घेतो, कोण बिघडल्यावर हसतो हे सगळं समोर येतं. निवड जोडीची करा, एकेकट्याची नाही. एकटा उत्तम असलेला पोरगा त्या दुसऱ्यासोबत मिटून जात असेल तर उपयोग नाही.

खरेच मित्र असलेली जोडी घ्यावी का? फायदा उघड आहे: अंगाला अंग लागण्यातला सहजपणा शिकवावा लागत नाही. तोटे दोन. कॅमेरा लागला की दोघं एकमेकांकडं बघून फिसकन हसतात. हे तीन-चार दिवसांत जातं. दुसरा तोटा गंभीर आहे. भांडणाच्या प्रसंगातलं बोलणं घरी जाताना सोबत जातं. असा प्रसंग दिवसाच्या सुरुवातीला घ्या, आणि नंतर दोघांचा खेळण्याचा एखादा प्रसंग चित्रित करूनच दिवस संपवा.

कार्यशाळा १० ते १२ दिवसांची, रोज दोन तास. पहिले चार दिवस पटकथेचं नावही काढू नका. सिनेमात जे काम आहे ते शिकवा: चेन बसवणं, शेळी धरणं, डबलसीट चढ चढणं. पाचव्या दिवसापासून प्रसंग तोंडी सांगा आणि त्यांच्या शब्दांत करून घ्या. पानं हातात दिली की पाठांतर सुरू होतं. मात्र गोष्ट सबंध सांगा, शेवटासकट. आई आजारी असल्याची थाप मारून पोराला रडवणारे दिग्दर्शक आहेत. ती क्रूरता आहे. शिवाय पुढच्या दिवसापासून पोरगा तुमच्यावर विश्वास ठेवत नाही आणि उरलेलं चित्रीकरण वाया जातं.

या वयाच्या मुलांच्या बाबतीत वेळापत्रक ढिलं ठेवून चालत नाही. वाढीच्या भरात मुलगा वर्षाला ८-९ सेंटिमीटर उंच होतो, आणि तेरा-चौदाच्या सुमाराला आवाज फुटतो. दिवाळीत निम्मं आणि उन्हाळ्यात निम्मं असं केलंत तर पायऱ्या चढणारा एक आणि उतरणारा दुसराच दिसेल. डबिंग सहा महिन्यांवर ढकललंत तर तो आवाजच जगात उरलेला नसतो. गोष्टीत हंगामाचं अंतर असेल, तर हे वाढणंच कामी लावा आणि परतीचा भाग मुद्दाम नंतर घ्या. शक्य तेवढं क्रमानं चित्रित करा; दोस्ती खरोखर मुरत जाते आणि ते पडद्यावर दिसतं. केस कापायची तारीख मात्र पालकांना आधीच सांगून ठेवा. रविवारी कुणीतरी न्हाव्याकडं बसवतंच.

प्रश्न: संवाद प्रमाण मराठीत की बोलीत? आणि शिव्यांचं काय करावं? (एक वाचक, लातूर)

बोलीत, पण एकाच गावच्या. 'मराठवाडी बोली' म्हणून सगळीकडून गोळा केलेली भाषा लगेच उघडी पडते. लातूरकडं 'काय करलालास' तर परभणी-नांदेडकडं 'काय करायलास'. एकाच घरातल्या दोन पोरांच्या तोंडी ही दोन रूपं आली की इथला प्रेक्षक सिनेमातून बाहेर पडतो. मुलं ज्या गावची, ती बोली धरा आणि लिहिलेलं वाक्य त्यांना त्यांच्या तोंडानं परत म्हणायला लावा. तुमचं वाक्य तीनदा अडखळत असेल तर दोष वाक्याचा.

शाळेत वही वाचताना प्रमाण, मैदानात बोली, आणि वडिलांसमोर जवळपास मुकेपणा, असे तीन थर ठेवा. टोपणनावं जरूर वापरा, पण ती कशी पडली ते समजावत बसू नका.

शिव्यांबद्दल आमचं मत असं, की संख्येपेक्षा त्या कधी थांबतात हे महत्त्वाचं. मोठं माणूस कोपऱ्यावर दिसताच चौघांची भाषा एका क्षणात धुतल्यासारखी होते. हा बदल दाखवला तर दोन-तीन शिव्यांत काम भागतं. खऱ्या भांडणात उलट होतं: रोज 'गण्या' म्हणणारा 'गणेश' म्हणतो आणि एकही शिवी देत नाही. सिनेमागृहात दाखवायचं असेल तर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचा विचार आधी करा. २०२४ च्या नियमांनंतर यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या) वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. तुमचा सिनेमा बारा वर्षांच्या मुलांविषयी आणि त्यांच्यासाठीही असेल, तर भाषेमुळं तो १६+ मध्ये जाणं परवडणार नाही.

प्रश्न: मोठा झालेला नायक गावी परततो आणि बालपण आठवतो, अशी सुरुवात केली आहे. चालेल? (एक वाचक, अंबड)

काढून टाका. निवेदक म्हातारा झाला की पोरांच्या प्रत्येक खोडीवर आधीच उसासा बसतो, आणि ती मोठी होऊन जिवंत राहिली हेही पहिल्याच मिनिटाला फुटतं. पोरांना आपलं बालपण चाललंय हे माहीत नसतं. तुमच्याकडं निवेदकाला सांगण्यासारखं काही वेगळं असेल, म्हणजे पोरानं तेव्हा केलेली आणि अजून लपवलेली एखादी गोष्ट, तरच ठेवा.

प्रश्न: किल्लारी भूकंपाच्या काळातली दोन मित्रांची गोष्ट करायची आहे. भूकंप शेवटी आणावा का? (एक वाचक, औसा)

नको. शेवटी आणलात तर आधीचा सगळा सिनेमा त्या धक्क्याची वाट बघण्यात जाईल, कारण इथल्या प्रत्येक प्रेक्षकाला तारीख पाठ आहे: ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती विसर्जनानंतरची रात्र. तो सिनेमाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात आणा आणि दाखवू नका. विसर्जनाची मिरवणूक, गुलाल, दमून झोपलेली पोरं, काळा पडदा. पुढचा प्रसंग थेट पत्र्याच्या शेडमध्ये. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, म्हणून घरं माणसांवर बसली. ते पडणं थोडक्या पैशांत नीट दाखवता येत नाही आणि दाखवायची गरजही नाही.

दोस्तीच्या दृष्टीनं मोलाचा काळ पुढचा आहे. जुन्या गावात दोघांची घरं एका बोळात, भिंतीला भिंत लागून. पुनर्वसित गाव लांब मोकळ्या जागेत, सरळ रस्त्यांचं. आणि घराचा आकार कुटुंबाकडं जमीन किती, यावर ठरलेला. बोळात ज्यांना कळलंच नव्हतं की एकाचे वडील शेतकरी आणि दुसऱ्याचे मजूर, त्यांना ते नव्या गावात भिंती मोजून कळतं. दोघंही वाचलेले ठेवा. एक गेला की प्रेक्षक रडतो आणि विषय संपतो; दोघं उरले की विषय सुरू होतो.

काळाच्या खुणांत चुका होतात त्या पाट्यांवर. एसटीवर 'उस्मानाबाद' आणि 'औरंगाबाद' हवं. लातूरच्या गाड्यांवर एमएच २४. रस्त्यात मोबाइल टॉवर दिसता कामा नये, विजेच्या तारांवर केबलही नको. आणि ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांच्या गावात पडझडीचा सेट उभारण्याआधी ग्रामसभेत बसून गोष्ट सांगा.

प्रश्न: फोनवर चित्रीकरण करणार आहे. बजेट जेमतेम. कॅमेरा आणि आवाज यांत काय सांभाळावं? (तरुण दिग्दर्शक, हिंगोली)

आधी उंची. बारा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर असतात, बसल्यावर अडीचेक फुटांवर. ट्रायपॉड तिथं लावा. उभ्या माणसानं छातीशी फोन धरून खाली वाकवला की पोरं बिचारी दिसतात. कॅमेरा त्यांच्या उंचीला ठेवल्यावर मोठी माणसं आपोआप वरून बोलायला लागतात, काही वेळा तर चेहऱ्याविना, नुसती धोतरं आणि पिशव्या. हे चांगलंच आहे.

दोघांना एकाच चौकटीत ठेवा. एकाचा चेहरा, मग दुसऱ्याचा चेहरा अशी संकलनाची टोलवाटोलवी दोस्तीला मारक ठरते, कारण मधली जागा दिसत नाही. खांदे किती लांब आहेत, एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर आहे का, यातच सगळं असतं. पहिल्या अर्ध्या सिनेमात दोघांचे एकत्र शॉट २०-३० सेकंद चालू द्या. भांडण झाल्यावर पहिल्यांदा एकेकाचा वेगळा क्लोजअप घ्या. आधी जपून ठेवला असेल तरच त्याचा परिणाम होतो.

फोनची सेटिंग हाती घ्या: सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक. ट्यूबलाइट-एलईडीखाली १/५० किंवा १/१०० ठेवलं तर लुकलुक येत नाही. भर उन्हात मात्र बहुतेक फोनांच्या भिंगाचं छिद्र (अॅपर्चर) लहान करता येत नाही, म्हणून शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही खाली जातं आणि पळणारी पोरं तुटक-तुटक दिसतात. त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे भिंगावर लावायची प्रकाश कमी करणारी काच लागते: कडक उन्हात ६४ च्या आसपास, झाडाखाली ८ किंवा १६. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की फोन तापून स्क्रीन मंद होते आणि अॅप बंद पडतं. कव्हर काढा, एअरप्लेन मोड लावा, दोन शॉटच्या मध्ये सावलीत ठेवा. बर्फावर ठेवू नका, आत दव धरतं. सकाळी साडेसहा ते दहा आणि दुपारी साडेचारनंतर काम करा. प्रकाशही चांगला आणि पोरंही टिकतात.

पैसे आवाजावर घाला. पोरं एकमेकांचं वाक्य तोडून बोलतात आणि तेच हवं असतं, पण संकलनात तेच छळतं. पहिल्या टेकमधला एकाचा चेहरा आणि तिसऱ्या टेकमधला दुसऱ्याचा जोडायला गेलं की एकावर एक आलेले आवाज जुळत नाहीत. उपाय दोन: दोन फोन एकाच वेळी लावा, किंवा दोघांचा एकच लांब शॉट घ्या. प्रत्येकाला वेगळा कॉलर माइक, वेगळ्या ट्रॅकवर. माइक शर्टाच्या आत असेल तर दोन्ही बाजूंनी मेडिकल टेप लावा, नाहीतर कापडाची खसखस बोलण्यावर बसते. माळावर फोमचं कव्हर पुरत नाही, केसाळ कव्हरच लागतं. प्रत्येक जागी एक मिनिट नुसती शांतता ध्वनिमुद्रित करा. प्रसंग संपल्याबरोबर, पोरं तिथंच उभी असताना, कॅमेरा बंद करून सगळे संवाद एकदा परत बोलवून घ्या. नंतर गोदामात केलेल्या डबिंगपेक्षा हे दहा मिनिटांचं काम कितीतरी पटीनं उपयोगी पडतं. शेतातली मोटर आणि थ्रेशर कधी चालू असतात ते शेतकऱ्याला आदल्या दिवशी विचारून या.

पोहण्याचा प्रसंग जवळपास प्रत्येकालाच हवा असतो. विहिरीत फक्त पट्टीचा पोहणारा पोरगा उतरवा. पाण्यात दोन मोठी माणसं, काठावर दोर आणि फुगवलेली ट्यूब ठेवा. उडीचा शॉट आणि पाण्यातल्या चेहऱ्याचा शॉट वेगवेगळे घ्या; चेहरा कमरेएवढ्या पाण्याच्या हौदात घेतला तरी कळत नाही. शेततळ्यात कधीही उतरवू नका. खालचा प्लास्टिक कागद निसरडा असतो, पोहता येणाऱ्यालाही काठ धरून वर येता येत नाही.

प्रश्न: मुलांना घेऊन काम करायला कायद्यानं काय लागतं? (एक वाचक, भूम)

१४ वर्षांखालची मुलं असतील तर निर्मात्याला, जिथं चित्रीकरण आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अर्जासोबत मुलांची यादी, पालकांची संमती, आणि युनिटमधून मुलांची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नाव. पाच मुलांमागं किमान एक असा माणूस लागतो. बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या सुधारित नियमांप्रमाणे दिवसात ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय ३ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त दिवस मुलाला कामावर ठेवता येत नाही. मानधनातली किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं मुदत ठेवीत टाकायची. मुलाची इच्छा नसेल तर त्याच्याकडून काम घेता येत नाही, पालकांची संमती असली तरीही.

चोरून विडी ओढण्याचा प्रसंग असेल तर खरी विडी मुलाच्या हाती देऊ नका. मुलाला तंबाखूचा पदार्थ देणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि असे प्रसंग असलेल्या सिनेमाला सिनेमागृहात आरोग्याचे इशारेही दाखवावे लागतात. तसंही त्या प्रसंगातली गंमत धुरात कमी आणि आजोबांच्या बंडीतून विडी काढण्यात जास्त असते. काडी पेटायच्या आत कुणाची तरी हाक येऊ द्या.

बैल, शेळी, कुत्रा यांच्याकडून काम करून घेणार असाल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी वेगळी. दोन्ही अर्ज तारखा ठरवण्याआधी करा, आणि मंजुरीच्या झेरॉक्स रोज सेटवरच्या फाइलमध्ये ठेवा.